उंबरठ्याखालचा आवाज

वहिनीच्या इमारतीत तो डबा बसवायची कल्पना धाकट्याचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे तो मान खाली घालून बसेल तेव्हा वाचणाऱ्याला उगीच त्याची दया यायची.

धाकटा म्हणजे वयाने लहान नव्हे. चाळिशी कधीच उलटली होती, केसांनी कपाळावरून माघार घेतली होती, आणि मोबाइल कंपनीच्या ज्या विभागात तो काम करायचा तिथे लोक त्याला 'सर' म्हणत. पण घरात धाकटा तो धाकटाच. आई-वडील गेले, जुनं घर सुटलं, तरी दादा-वहिनीच्या तोंडी तेच नाव राहिलं. त्यालाही ते बरं वाटायचं.

वहिनी घरात आली तेव्हा तो शाळकरी पोर होता आणि अडखळत बोलायचा. 'स' तर घशात माशाच्या काट्यासारखा रुतायचा. "मला स... स..." असं त्याने सुरू केलं की अख्खं घर मदतीला धावायचं. "साखर?" आई विचारायची. "साबण?" दादा म्हणायचा. "सांग की बाबा एकदाचं!" वडील ओरडायचे. पोराला हवी असायची सायकल आणि हातात यायची साखरेची वाटी. शेवटी शेवटी तो निमूटपणे साखर खाऊन मोकळा व्हायचा. मोठेपणी त्याने चहातली साखरसुद्धा सोडली, ती त्याच रागाने, असं वहिनी थट्टेने म्हणायची.

वहिनीने मात्र त्याचं वाक्य कधीच पूर्ण केलं नाही. बोलण्यातले दोष दूर करायचं शिक्षण ती घेऊन आली होती हे खरं, पण हे काही पुस्तकातून आलेलं नव्हतं. तो अडला की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि त्याच्याकडे बघत थांबायची. दूध उतू गेलं तरी बेहत्तर, अशी थांबायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दिराला भावजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं." वहिनीने गळक्या नाकाच्या भावजींकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आधी नाक पुसते, मग तुम्ही म्हणते." नाक पुसलं, पण 'तुम्ही' काही तिच्या तोंडी आलं नाही. त्याचं बोलणं तिने सरळ केलं, परीक्षेत नापास झाला तेव्हा वडिलांच्या हातून वाचवला, त्याच्या लग्नात बायकोकडच्यांना दमात घेतलं, आणि हे सगळं 'तू' म्हणतच केलं.

आता त्या डब्याकडे येऊ.

मोबाइल कंपन्या आपापल्या रेडिओ लहरी सरकारकडून विकत घेतात. त्यांच्यावर दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. पण काही लहरी अशा ठेवलेल्या असतात की त्यांना परवानाच लागत नाही. घराघरातलं वायफाय, बिनतारी स्पीकर, दारावरचे कॅमेरे, सगळे तिथेच दाटीवाटीने नांदतात. सार्वजनिक नळच म्हणा ना. तर कंपन्यांच्या मनात आलं, आपली घरची टाकी पुरत नाही, आपणही एक बादली नळाखाली लावावी. बेकायदा नव्हतं ते. नळ सगळ्यांचा, म्हणजे आपलाही. फक्त रांगेत उभं राहायचं. म्हणून त्या बादलीला, म्हणजे मोबाइलच्या लहरी सोडणाऱ्या या डब्याला, एक शिस्त घालून दिलेली होती: आधी ऐकायचं, कुणी बोलत असेल तर थांबायचं, शांत झालं की मग बोलायचं.

यातली मेख अशी की 'कुणी बोलतंय' हे ठरवायचं कसं? फार लांबून आलेल्या पुसट आवाजासाठीही थांबत बसलं तर डब्याला बोलायलाच मिळायचं नाही. म्हणून एक पातळी धरतात. आवाज तिच्या वर असला तर आहे, खाली असला तर नाहीच असं समजायचं. धाकट्याच्या विभागात या पातळीला 'उंबरठा' म्हणत. उंबरठा कुठे ठेवायचा हे ठरवणं ही धाकट्याची खासियत. त्यासाठी त्याला दोन परगावच्या परिषदांना बोलावणं आलेलं होतं.

चाचणीसाठी एक भरवस्तीतली इमारत हवी होती; धाकट्याने दादाची सुचवली. दादाच्या इमारतीतल्या लोकांनी आधी साफ नकार दिला. आमचं वायफाय बिघडेल, डोकी दुखतील, कबुतरं मरतील, काय वाट्टेल ते. तेव्हा बैठकीत वहिनी उभी राहिली. "आमचा धाकटा बसवतोय तो. दुसऱ्याच्या ताटातलं ओढून खाणाऱ्यातला नाही तो. हवं तर माझ्याच बाल्कनीत लावा." यावर कोण काय बोलणार? डबा तिच्याच बाल्कनीच्या गजांना लागला. तुळतुळीत पांढरा, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. कुंड्यांना पाणी घालताना ती त्याच्यावरूनही ओलं फडकं फिरवायची.

पहिले काही आठवडे डबा इतका सज्जनपणे वागला की त्याचा काही उपयोगच होईना. इमारतीत घरटी एक वायफाय. डबा कान देऊन बसायचा, कुणी ना कुणी बोलतच असायचं, आणि हा आपला थांबलेलाच. मोठे साहेब आकडे बघून वैतागले.

"अहो, हा डबा आहे की दारात उभा राहून 'येऊ का' विचारणारा पाहुणा? कुणी या म्हणेपर्यंत आतलं जेवण आटोपतंय!"

सगळे हसले. धाकटाही हसला, आणि संध्याकाळी त्याने उंबरठा वर उचलला. थोडाथोडका नाही, चांगला भरपूर. म्हणजे आता डब्याला जवळचा मोठा आवाज तेवढा ऐकू येणार, बाकीचे सगळे त्याच्या लेखी मुके. डबा धडाधडा बोलू लागला. आकडे असे उडाले की साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नव्या तुकडीचा प्रमुख म्हणून त्याचं नाव वर पाठवलं.

इतरांच्या वायफायला त्रास होतो का, हेही त्याने तपासलं होतं बरं का. मोठमोठ्या फायली उतरवून बघितल्या. वेळ जरासा जास्त लागला, पण फायली आल्या, धडधाकट आल्या. अहवालात त्याने लिहिलं, 'नगण्य परिणाम'. खोटं नव्हतं ते. फाइल थांबू शकते, तिचे तुकडे मागेपुढे झाले तरी पोहोचल्यावर जुळतात. माणसाच्या बोलण्याचं तसं नसतं, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. म्हणून तर त्याने बोलण्याची चाचणी घेतली नाही.

आणि वहिनीचं सगळं काम बोलण्याचंच होतं. दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ती एका केंद्रासाठी घरूनच शिकवायची. लांब लांबच्या गावांतली, अडखळणारी मुलं. आतल्या खोलीत टेबलावर टॅबलेट उभा करायचा, चष्मा पुसायचा आणि समोर येईल त्या पोराचं ऐकत बसायचं. दादा म्हणायचा, हिची निवृत्ती म्हणजे नुसतं खुर्ची बदलणं. त्या मुलांत एक होती तिची लाडकी, पाचवीतली पोर. बडबडी म्हणून वहिनी तिला चिमणी म्हणायची. बडबडी आणि अडखळणारी, म्हणजे बिचारीच्या जिवाला केवढा ताप. तिला 'प' छळायचा. वर्षभरात वहिनीने त्या 'प'ला वठणीवर आणलं होतं, आणि चिमणी शाळेत कविता म्हणून दाखवणार होती.

मग वहिनीचा फोन आला. "अरे, आवाज तुटतोय बघ. जरा येऊन जा."

पहिल्या वेळी धाकट्याने खरंच प्रामाणिकपणे बघितलं. वायफायचं यंत्र स्वयंपाकघराजवळच्या बोळकांडीत होतं, ते उचलून कपाटावर ठेवलं, दोन वायरी बदलल्या आणि निघून गेला. फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा वहिनी आत एका मुलाशी बोलत होती. बाल्कनीत उभ्या उभ्या त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने डब्याची वायर उपसली. आतून वहिनीचा आवाज आला, "हां, आता स्वच्छ! आता छान येतंय रे!" तो तसाच उभा राहिला. मग त्याने वायर परत खोचली. आतून आवाज आला, "गेलं पुन्हा."

त्या क्षणी त्याला सगळं कळलं. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही: त्याला कळलं, आणि वायर त्याने तशीच खोचलेली ठेवली. पुढच्या महिन्यात तोच उंबरठा कंपनीच्या सगळ्या डब्यांत जायचा होता, त्याच्या नावानिशी. तो आत गेला, वहिनीने केलेला चहा प्यायला आणि म्हणाला, "तुझं यंत्र जुनं झालंय वहिनी. नवं घे." वहिनी म्हणाली, "पण मघाशी मध्येच छान येत होतं रे." तेव्हा तो हसत बोलून गेला, "मग तुझे कानच तपासून घे एकदा. तेही जुनेच आहेत की."

थट्टा होती ती. या घरात अशा थट्टा रोजच्याच. वहिनीही हसली.

पण तिने ते मनावर घेतलं. नवं यंत्र आणलं, तरी तसंच. मग खरोखर कानाच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, बारीक स्वर जरा कमी ऐकू येतात, पण वयाच्या मानाने उत्तम. वहिनीने त्यातलं 'वयाच्या मानाने' तेवढं उचललं आणि 'उत्तम' तिथेच टाकून आली. काही दिवसांनी दादाचा फोन आला. दादा असा माणूस की आग लागली तरी आधी चप्पल शोधेल. तो 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झाला.

"अरे, ही काम सोडतेय. केंद्राला कळवलंसुद्धा. म्हणते, ज्याला ऐकू येत नाही त्याने शिकवू नये. तू ये बाबा, तुझं ऐकेल ती."

धाकटा दुपारीच कामावरून निघाला. रस्ताभर त्याने मनाशी वेगवेगळी वाक्यं जुळवली. सगळी अशी, की त्यांत डबा यावा पण तो स्वतः येऊ नये.

वहिनी आतल्या खोलीत टेबलाशी होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. "आलास? बरं झालं. बस इथे माझ्याशेजारी. चिमणीचा शेवटचा तास आहे. तू आज माझे कान हो."

"म्हणजे?"

"म्हणजे ती बोलेल तेव्हा नीट ऐक. ती अडखळते की मला तसं ऐकू येतं, एवढं सांग. गेले कितीतरी दिवस मी त्या पोरीला 'पुन्हा म्हण, पुन्हा म्हण' करतेय. मला कळतच नाही रे." आणि मग हलक्या आवाजात, "तुला ऐकताना मला कधी शंका यायची नाही. कुठे अडलास, का अडलास, सगळं कळायचं. आता काय झालंय कोण जाणे."

तो बसला. दुसरं काय करणार?

पडद्यावर दोन वेण्या आणि एक पडका दात उगवला. चिमणीने कविता सुरू केली. पहिल्या ओळीत पाणी होतं, पान होतं, पाखरू होतं. केंद्रातल्या कुणीतरी मुद्दाम रचलेली. "पा-पाणी" असं ऐकू आलं. मग "प-प-पान."

वहिनीने धाकट्याकडे बघितलं.

धाकट्याला कळत होतं काय चाललंय. आवाजाचा तुकडा वाटेत हरवला की टॅबलेट ती फट उघडी ठेवत नाही. आधीचाच तुकडा पुन्हा वाजवून ती बुजवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणारा अडखळला. पोर स्वच्छ बोलत होती. अडखळत होतं ते यंत्र, आणि वायफायच्या बोलण्यावर बाल्कनीतला डबा बोलत होता. मधल्या भिंतींमुळे वायफायचा आवाज त्याच्यापर्यंत पुसट पोहोचायचा, उंबरठ्याखाली राहायचा, आणि उंबरठ्याखालचं त्याने ऐकायचं नाही असं धाकट्याने त्याला शिकवलेलं होतं.

"पुन्हा म्हण हं बाळा," वहिनी म्हणाली. "सावकाश."

चिमणीने पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच आलं. वहिनी काही बोलायच्या आत चिमणीनेच विचारलं, "मी परत अडखळले?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मला कळलंच नाही. मला वाटतं मी नीट म्हणते, आणि मी नीट म्हणत नसते." तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि या वेळी यंत्राचा काही दोष नव्हता. तिचे ओठ 'प'वर मिटले ते मिटलेच. मान ताठ झाली, डोळे घट्ट मिटले गेले. पडद्यावर चित्र स्पष्ट होतं. ते तेवढं स्पष्ट नसतं तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं, आणि असं वाटल्याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

हे ओठ त्याच्या ओळखीचे होते. आरशात बघितलेले.

वहिनी वाट बघत होती. पोरीचीही आणि त्याचीही. "सांग," ती म्हणाली, "ती अडखळली की मी?"

"ती नाही," धाकटा म्हणाला. "तूही नाहीस. स... स..."

कित्येक वर्षांनी तो काटा घशात परत रुतला. सगळं डब्यामुळे, एवढंच म्हणायचं होतं. 'सगळं'वर गाडी अडली. वहिनीने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघत थांबली. तिकडे पडद्यावर पोर थांबली होती. दारात दादा थांबला होता. कुणी मदतीला धावलं नाही. वहिनीच्या त्या थांबण्यात सगळं बालपण मावलं होतं आणि तेच त्याला सहन होईना. खाली बघत, अडत, धापा टाकत त्याने सगळं सांगितलं. डबा. उंबरठा. साहेबांचं हसणं. फायली. उपसलेली वायर.

वहिनीने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. तो थांबल्यावर तिने पडदा जरासा बाजूला वळवला आणि विचारलं, "म्हणजे त्या दिवशी बाल्कनीतच कळलं तुला?"

"हो."

"मग आत येऊन चहा प्यायलास."

तो मान खाली घालून बसला.

"आणि कान तपासून घे म्हणालास. ते कळायच्या आधी की नंतर?"

खोटं बोलायला जागा होती. एका शब्दाचा तर प्रश्न होता. "नंतर," तो म्हणाला.

वहिनीने मान हलवली. रागावली असती, ओरडली असती, तर त्याने आनंदाने खाल्लं असतं. वडिलांचे फटके खाल्लेला माणूस तो. पण तिने नुसती मान हलवली, एखाद्या पोराने धडा वाचून दाखवल्यावर हलवावी तशी. मग म्हणाली, "आधी ते काढ. मग इथे ये आणि पोरीला सांग."

"मी?"

"मग कोण? तिला मी अडखळतेस म्हणून सांगितलंय. आता माझ्या शब्दावर तिने का विश्वास ठेवावा?"

त्याने बाल्कनीत जाऊन वायर उपसली. परत येऊन पडद्यासमोर बसला. परिषदांतल्या भाषणांवर टाळ्या घेणारा हा माणूस पाचवीतल्या पोरीसमोर शब्द चाचपडू लागला.

"तू नीट म्हणत होतीस," तो म्हणाला. "पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. आमच्या एका य-यंत्राने घोळ घातला. ते मी ल-लावलं होतं. चूक म-माझी. तुझी नाही आणि तुझ्या मॅडमची तर न-नाहीच."

चिमणी डोळे विस्फारून बघत राहिली. मग तिचं पडक्या दाताचं हसू कानापर्यंत गेलं. "काका! तुम्हीपण?"

आपलं माणूस भेटल्यासारखी हसली ती. धाकट्याला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर आपण आधी उडी मारू.

"आता म्हण बरं कविता," वहिनी म्हणाली. चिमणीने म्हटली. एकदा अडली, 'पाखरू'वर. वहिनीने लगेच ओळखलं, "हा मात्र तुझा हं," आणि दोघी हसल्या. तेव्हा वहिनीने चष्मा काढून डोळे पुसले, आणि धाकटा उठून दाराकडे गेला. दादाने वाट दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्या घरीही वायफाय आहे, कुणी मेलं नाही. धाकट्याने ऑफिसातल्या तशाच डब्याची वायर उपसून आणि खोचून, दोन्ही वेळचं बोलणं त्यांना ऐकवलं. उंबरठा सगळीकडे जायचा थांबला. पुन्हा चाचणी घ्यायची, या वेळी बोलण्याची, असं ठरलं. तुकडीचा प्रमुख दुसराच कुणी झाला. धाकट्याला शाबासकी कुणी दिली नाही, आणि द्यायचं कारणही नव्हतं. घर जाळून विहीर खणणाऱ्याचा सत्कार करत नाहीत.

पण मन मोठं लबाड. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना त्याला थोडं हलकं वाटलंच. आपण किंमत मोजली, आता वहिनीला सांगू, ती म्हणेल 'शहाणा झालास रे', असलं काहीतरी त्याच्या मनात घोळत होतं. शनिवारी तो पाना आणि पेचकस घेऊन डबा काढायला गेला.

दार वहिनीनेच उघडलं. आतल्या खोलीत टॅबलेट चालू होता. काम तिने पुन्हा धरलं होतं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या भावजी. बसा."

त्याने मागे वळून बघितलं. जिना रिकामा होता.

त्याला क्षणभर वाटलं, थट्टा आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर थट्टा नव्हती. रागही नव्हता. वाण्याकडच्या माणसाशी, शेजाऱ्यांच्या जावयाशी बोलावं तसं नीट, गोड बोलली होती. त्याने बाल्कनीत जाऊन डबा उतरवला. गजांवर जिथे तो होता तिथे चार खुणा राहिल्या. डब्यावर धुळीचा कण नव्हता; कालपरवापर्यंत ती त्याच्यावरूनही फडकं फिरवत होती.

"साहेबांना सांगितलं मी," तो आत येऊन म्हणाला. "ती पातळी रद्द केली त्यांनी."

"चांगलं केलंत," वहिनी म्हणाली. "पुष्कळांचं भलं होईल."

"माझी ती जागा गेली."

"अरेरे. मिळेल पुन्हा. तुम्ही हुशार आहात."

तिने चहा आणला. त्याचा नेहमीचा मग, कान तुटलेला, जो ती दादाला कधी फेकू देत नसे, तो नव्हता. पाहुण्यांचा कप होता, खाली बशी. दादा पेपरमागे होता. धाकट्याने कप हातात घेतला. एकच शब्द बोलायचा राहिला होता. त्या दिवशी डबा, उंबरठा, फायली, सगळं बोलून झालं, पण हा शब्द काही तोंडातून निघाला नव्हता, आणि आता लक्षात येत होतं की आधी तोच बोलायला हवा होता. साधा, रोजचा, कुणाचा पाय लागला तरी माणसं म्हणतात तो, 'सॉरी'.

"वहिनी," तो म्हणाला, "स... स..."

काटा रुतला. त्याने तिच्याकडे बघितलं. ती उभी होती, हातात ट्रे होता. ती तो खाली ठेवेल, थांबेल, म्हणून धाकटा डोळे तिच्यावर लावून त्या अक्षराशी झटत राहिला. "स..."

"साखर हवी का?" वहिनी म्हणाली. "थांबा हं, आणते."

आणि ती आत साखर आणायला गेली.